अकरा फडकी

अकरा फडकी. मी मोजून ठेवली होती,
कडक मिठाच्या पाण्यात बुडवून, पिळून,
कारण एक थेंब जरी पोटात सांडला
तर त्या थेंबातून पुन्हा शंभर उगवतात.
डॉक्टर मामासाली हे दर वेळी सांगतात,
बावीस वर्षं मी त्यांच्यासमोर उभी असूनही सांगतात.

उलकान. वय एक्केचाळीस. आलायच्या खोऱ्यातली.
भावाच्या गाडीतून घाट उतरून ओशला आली,
उजव्या बरगडीखाली हात धरून,
कुणी मूल सांभाळायला दिल्यासारखा.
वजन किती, विचारलं तर म्हणाली,
"माझं, की आम्हा दोघांचं?"
आणि स्वतःच हसली, मग कळ आली म्हणून थांबली.

पडद्यावर तो फोड दिसला तेव्हा
तिला काही समजवावं लागलं नाही.
"हे मी पाहिलंय," म्हणाली. "मेंढीत."
हिवाळ्याच्या तोंडावर मेंढी कापतात,
काळजावर पाण्याचे फुगे निघाले
तर तेवढा तुकडा कुत्र्याला टाकतात.
कुत्रा शेपूट हलवतो. हात चाटतो.
त्याच हातानं आपण नान मोडतो.
एवढंच. यात कुणाचं पाप नाही.
"काश्काच असणार," ती म्हणाली,
घरातल्या पोरानं कप फोडल्याचं सांगावं तसं.

पोट उघडलं.
काळीज ओलं, काळपट तांबडं,
आणि त्यातून वर आलेला पांढरा घुमट,
सोललेल्या उकडल्या अंड्यासारखा, शांत.
मी चहूबाजूंनी फडकी लावली.
सुई आत. पाणी आलं, नितळ,
इतकं नितळ की मला अजून त्याचा राग येतो.
मग मिठाचं पाणी आत. दहा मिनिटं.
सगळे गप्प, घड्याळाकडे बघत;
भूल देणारी झामिरा तेवढ्यात जांभई देते, नेहमी.

मग आतलं कातडं सुटून आलं
भिजलेल्या कागदासारखं,
आणि त्याच्या पोटात लहान लहान फोड, द्राक्षांएवढे.
पुस्तकात त्यांना लेकी म्हणतात.
मी त्या वाडग्यात मोजल्या नाहीत.
उलकानच्या केसपेपरवर 'अपत्ये' पुढे रेघ आहे.

फडकी मोजली. दहा.
परत मोजली. दहा.
डॉक्टरांनी काही न बोलता हात घातला
डावीकडे, प्लीहेच्या कुशीत.
अकरावं तिथं होतं, गुलाबी, दुमडून.

आमच्याकडे सख्ख्या माणसाला बोर्दोश म्हणतात.
बोर म्हणजे काळीज, कढईत पडतं तेच.
एका काळजाची माणसं.
हा शब्द मी लग्नात वापरला, मयतात वापरला,
पत्राच्या शेवटी तर सवयीनंच.
त्या दुपारी तिचा भाऊ ताश्तेमिर
"मला काय झालंय, उगाच" म्हणत टेबलावर आडवा झाला,
आणि पडद्यावर, उजवीकडेच, तीन सेंटिमीटर.
तो बराच वेळ बघत राहिला.
"तिच्याहून लहान आहे," म्हणाला,
"सगळ्यात असंच, मी धाकटा."

त्याला कापायचं नाही अजून. गोळ्या.
काश्कालाही गोळ्या, मेंढीच्या शेपटीच्या चरबीत लपवून.
घरी जाऊन गोळीच घालतो त्याला, असं तो आधी म्हणाला होता,
बंदुकीची.
नळ्यांच्या गुंत्यातून उलकान म्हणाली,
"हात लावून तर बघ."

नोव्हेंबरात मी फोन केला, टाके कसे आहेत म्हणून.
टाक्यांचं तिनं काही सांगितलं नाही.
मेंढी कापली म्हणाली. फुगे होतेच.
ताश्तेमिरनं गोठलेल्या जमिनीत कमरेएवढा खड्डा खणला,
काळीज आत, वर चुना, वर दगड.
आणि काश्का?
"तीन दिवस त्या दगडांवर बसलाय.
हाक मारली की येतो.
मी हात चाटू देत नाही,
तर बाहीचं टोक दातात धरून
नुसता उभा राहतो."